मदत हवी आहे: पुरात उभ्या राहिलेल्या जुन्या वॅगन आरमधून घूं-घूं आवाज

मांजलपूरकर
गाडी वॅगन आर, २००८ची, १०६१ सीसी पेट्रोल इंजिन, सीएनजी किट नंतर बसवलेलं. ९४,००० किमी झालेत. ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा पुढची चाकं जवळजवळ बुडाली होती. कार्पेट भिजलं, पण एअर फिल्टरपर्यंत पाणी पोचलं नाही. इंजिन ऑइल तेव्हाच बदललं, बाकी काही केलं नाही, कारण गाडी व्यवस्थित चालत होती.

आता ताशी ४०च्या पुढे घूं-घूं सुरू होतं आणि ६०-७०ला इतकं वाढतं की गोल्डन चौकडीकडे हायवेवर शेजारच्याशी बोलता येत नाही. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हलवली तर कट-कट अजिबात नाही. दुसरं म्हणजे सकाळी पहिल्यांदा गाडी हलवताना मागून एकच 'खट' येतो, नंतर दिवसभर काही नाही. गॅरेजवाले म्हणतात दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत जाणारे दांडे) बदला, ९,००० रुपये. मला पटत नाहीये. आधी काय तपासू?

पाना१४
ड्राइव्ह शाफ्टला हात लावू नका. शाफ्टचा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट गेला तर वळताना अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर कट-कट वाजतो, आतला गेला तर सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरते. तुम्ही लिहिलंय त्यात दोन्ही नाही. जॉइंटवरचा रबरी बूट (आवरण) फाटलाय का तेवढं बघा. फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. बूट धड असेल तर शाफ्टचा विषय संपला.

वेगाबरोबर चढणारी घूं-घूं तीनच ठिकाणांहून येते: व्हील बेअरिंग, टायर, नाहीतर गिअरबॉक्स. रिकाम्या सरळ रस्त्यावर ६०ला जाऊन क्लच दाबा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. आवाज तसाच राहिला तर इंजिन, अल्टरनेटर, बेल्ट सगळे संशयातून सुटले. चावी मात्र बंद करायची नाही. स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकचं बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामं होतं. मग त्याच वेगात स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे न्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा आवाज चढला आणि उजवीकडे वळताना उतरला, तर संशय उजव्या बेअरिंगवर. हे बहुतेक वेळा जुळतं, नेहमी नाही, म्हणून एवढ्यावर पार्ट विकत घेऊ नका.

पक्कं करायला पुढचं चाक उचला. मागच्या चाकांना दगड, जॅकखेरीज खाली स्टँड, गिअर न्यूट्रल. एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर बोटांना कळते. दुसऱ्या बाजूलाही तेच करून फरक बघा. कानापेक्षा बोटं जास्त खरं सांगतात, कारण डिस्कला घासणाऱ्या पॅडचा आवाज कानाला फसवतो.

रेवा_को
टायर विसरू नका. सीएनजीची लोखंडी टाकी म्हणजे मागे कायमचं पन्नास-साठ किलो ओझं. शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले असतील तर मागच्या टायरवर उंचसखल झीज होते आणि तिचा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा असतो. टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला खवल्यांसारखं लागलं तर झीज वाकडी आहे. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करा. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. याला पैसे लागत नाहीत, म्हणून हे आधी.

सकाळचा 'खट' हा वेगळा आजार आहे. मागच्या ब्रेकच्या ड्रमवर रात्रीतून गंज चढतो आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गाडी हलली की सुटतात. सपाट जागी हँडब्रेकऐवजी पहिल्या गिअरमध्ये उभी करा. तरी ड्रम एकदा उघडाच. पुराचा गाळ आत सुकून बसलेला असतो, तो व्हील सिलेंडरचं रबर आणि शूचं अस्तर दोन्ही खातो.

मकरपुरा_प्रेस
पूर ओसरल्यावर लगेच आवाज का आला नाही, असं वाटणं साहजिक आहे. बेअरिंगचं सील चिखल अडवतं, तासन्‌तास उभं राहिलेलं पाणी अडवेलच असं नाही. आत शिरलेलं पाणी ग्रीसमध्ये मिसळतं. गाडी उभी असताना बेअरिंगचे बॉल जिथे रेसला (ज्या कड्यांमध्ये ते फिरतात त्यांना) टेकलेले असतात तिथेच गंजाचे ठिपके पडतात. चालवल्यावर त्या ठिपक्यांचे खड्डे होतात आणि मग घूं-घूं. त्यामुळे हलवून बघितलं तर ढिलेपणा शून्य, आणि आवाज मात्र पूर्ण. 'चाक हलत नाही म्हणजे बेअरिंग चांगलं' हे पुराच्या गाडीला लागू नाही.

ढिलेपणा सापडलाच तर तो बेअरिंगचाच आहे का ते बघा. चाक वर-खाली धरून हलवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, चालूच राहिलं तर खालचा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक.

मांजलपूरकर
धन्यवाद. टायर अदलाबदल केले, फरक नाही. क्लच दाबून आवाज तोच. डावीकडे वळताना चढतो. उजव्या स्प्रिंगमध्ये खरखर स्पष्ट लागते, डावीत नाही. ढिलेपणा कुठेच नाही. बूट दोन्ही बाजूंचे धड. म्हणजे उजवं बेअरिंग. दोन्ही बाजूंची बदलू का?

पाना१४
फक्त उजवं. डावं वाजलं तेव्हा बघू.

मकरपुरा_प्रेस
मी असतो तर दोन्ही बदलली असती. पाणी दोन्हीकडे सारखंच होतं आणि नकल (स्टिअरिंग नकल, ज्यात बेअरिंग बसतं तो भाग) काढायची मजुरी दुसऱ्यांदा वाचते. पण बजेट नसेल तर एक चालेल.

काम कसं होतंय यावर मात्र उभं राहून लक्ष ठेवा, कारण नवीन बेअरिंग महिन्यात वाजायला लागतं ते बसवताना ठोकल्यामुळेच. शाफ्टचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. स्ट्रटचे बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर खूण करून ठेवायची. नकल काढून हायड्रॉलिक प्रेसवर न्यायचा. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) प्रेस असलेली वर्कशॉप पुष्कळ आहेत. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर, आणि नंतर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबताना आतल्या रेसला खालून आधार. उलटं केलं की सगळा जोर बॉलमधून जातो आणि बेअरिंग बसवतानाच मरतं. हातोडा आणि पाइपचा तुकडा दिसला तर काम थांबवा.

हब बाहेर काढताना जुन्या बेअरिंगची आतली रेस बहुतेक हबवरच राहते. ती पुलरने काढावी. ग्राइंडरने कापलीच तर हबला चरा पडलाय का बघा. चरा असेल तर नवीन बेअरिंग तिथे फिरून सैल होईल, मग हबही बदलावा लागतो. सील, सर्कलिप आणि शाफ्टचा नट नवीनच. दोन सुटी बेअरिंगं आणि मध्ये स्पेसर निघाला, तर स्पेसर परत त्याच जागी गेला पाहिजे. पार्ट चासी नंबर सांगून घ्या. सुटं बेअरिंग असेल तर लिथियम ग्रीस बॉलमध्ये नीट भरा, पण आतली मोकळी पोकळी एक तृतीयांशच. ठासून भरलं तर तापतं. शाफ्टचा नट पूर्ण घट्ट होण्याआधी गाडी एक फूटही ढकलू नये. चाकाचे नट टॉर्क पान्याने ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास. शेवटी व्हील अलाइनमेंट.

रेवा_को
गाडी वर असतानाच गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग थोडा सैल करून कपभर तेल काढून बघा. पुढची चाकं बुडाली असतील तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) पाणी गेलेलं असू शकतं.

मांजलपूरकर
काढलं. दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. आता?

रेवा_को
मग पाणी शिरलंय, बेअरिंगच्या आधी हे. तेल गरम असताना पूर्ण काढा, गाडी सपाट ठेवून ७५डब्ल्यू-९० जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल भरा, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत. दोन-सव्वादोन लिटर लागेल, तीन घेऊन ठेवा. दुकानदार जीएल-५ पुढे करेल. त्यातल्या काही रसायनांनी सिंक्रोच्या (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) पितळी रिंगांना त्रास होतो, नको. शंभर-दोनशे किमी चालवून परत काढा. पुन्हा दुधाळ निघालं तर तिसऱ्यांदाही बदला, तेल गिअरबॉक्सपेक्षा स्वस्त आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी चिखल असेल तर चालेल, नखाने उचलता येतील असे तुकडे असतील तर फोटो टाका.

पाना१४
ब्रेक फ्लुइडही बदलून घ्या, डॉट ३ किंवा ४, गाडीतल्या ब्रेक फ्लुइडच्या डब्यावर लिहिलेलं असेल ते. नकल सुटणारच आहे, तेव्हा कॅलिपरच्या पिना काढून साफ करा आणि रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि ब्रेक धरून ठेवतो.