एकाच चौकटीत सिनेमाचा प्रकाश कसा आणावा?

प्रश्न: मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या सोप्यात मी एक छायाचित्र रचून घेत आहे. दिवेलागणीच्या वेळी मावशी दाराशी कोणाची तरी वाट पाहत बसली आहे, असा प्रसंग आहे. दोन्ही बाजूंना सॉफ्टबॉक्ससह (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीसह) एकेक एलईडी दिवा लावला, तर चेहरा स्वच्छ आला. पण चित्र लग्नाच्या अल्बममधले वाटते. तिसरा दिवा भाड्याने आणावा का?

उत्तर १: आणू नका, उलट आहेत त्यांतला एक बंद करा. दोन्हीकडून सारखा प्रकाश आला की सावल्या पुसल्या जातात आणि चेहरा सपाट होतो. प्रकाशाला प्रसंगात कारण हवे, आणि इथे ते दार आहे. म्हणून एकच दिवा उंबऱ्याबाहेर उभा करून त्यापुढे बटर पेपर ताणा. दिव्यापासून चेहरा १ मीटरवर आणि मागची भिंत २ मीटरवर असेल, तर भिंतीवर साधारण पाव प्रकाश पोहोचतो. चित्राला खोलपणा त्यातूनच येतो. दुसऱ्या बाजूस आपण प्रकाश परतवायला सवयीने थर्माकोल धरतो, तिथे प्रकाश शोषणारे काळे कापड धरून पाहा.

उत्तर २: रंगही सांभाळा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटा जुळवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता ४००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपास ठेवला, तर ५६०० केल्विनचा दिवा संध्याकाळसारखा निळसर आणि आतली समई पिवळी दिसेल. अमेरिकन छायाचित्रकार ग्रेगरी क्रूडसन चित्रपटासारखा मोठा ताफा घेऊन याच तिन्हीसांजेत काम करतात. आपल्याकडे सूर्यास्तानंतर तो उजेड जेमतेम २०-२५ मिनिटे टिकतो, त्यामुळे मांडणी दुपारीच उरकून ठेवा.

उत्तर ३: ताफ्याचे सोडा, तो आपल्याला परवडणारा नाही. आपल्याच कोल्हापुरात चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी, १९२० च्या ‘सैरंध्री’ या मूकपटाच्या काळात, रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभारलेल्या नेपथ्याचा आग्रह धरला होता. पडद्यावर रंगवलेला खांब सावली पाडत नाही, हे आधी नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागले नसेल. तुमच्या सोप्यात तर खरे लाकडी खांब आहेत; मावशींना भिंतीला टेकवून न बसवता खांबाच्या पुढे बसवा, म्हणजे मागे सावलीलाही जागा मिळेल.

प्रश्नकर्ता: काल एकाच दिव्यावर घेतले. अर्धा चेहरा अंधारात गेला म्हणून मावशी नाराज आहे, मी मात्र समाधानी आहे. भिंतीवरचे यंदाचे कॅलेंडर काढायचे राहिले, म्हणून उद्या पुन्हा बसायचे आहे.