इतिहास माहीत नसलेली फिजीची गदा विकत घ्यावी का?

दर्यावर्दी
माझं मत आधीच सांगतो. पॅसिफिक बेटांवरची जुनी लाकडी गदा कुठल्या गावातून, कोणाकडून आणि कधी बाहेर पडली याची नोंद नसेल, तर खाजगी संग्राहकाने ती घेऊ नये. ती कितीही अस्सल असो.

मला या गदांचं वेड आहे, म्हणूनच हे लिहितोय. फिजीतली 'इ ऊला' घ्या: हातभर लांबीची, कंबरेला खोचायची आणि फेकून मारायची. किंवा 'तोतोकिया': केवड्याच्या फळासारखं दाणेदार डोकं आणि त्याला पुढे चोच. मोठा हात फिरवायची गरज नाही, डोक्याच्या वजनानेच ती चोच कवटीत घुसते. ज्या गदेने शत्रू मारला तिला स्वतःचं नाव मिळे आणि मारणाऱ्यालाही 'कोरोई'ने सुरू होणारं नवं नाव देत. नामवंत योद्ध्यांच्या गदा देवळात ठेवल्या जात. आणि लिलावाच्या यादीत तिचं काय उरतं? "फिजी, 19वं शतक." गाव गेलं, घराणं गेलं, नावही गेलं. आपण त्यावर बोली लावतो तेव्हा विकणाऱ्याला एवढंच कळतं की इतिहास सांगितला नाही तरी पैसे मिळतात.

लाकूडवेडी
असहमत, आणि ठामपणे. हा नियम लावला तर बाजारातल्या बहुतेक गदा बाद होतील. खलाशी, चंदनाचे व्यापारी, मिशनरी यांनी शेकड्यांनी गदा नेल्या. त्यातल्या किती जणांनी टिपण ठेवलं? कागद नसतो, पण लाकूड असतं, आणि ते बोलतं.

'साली' नावाची वाकड्या मानेची गदा पाहा. तिच्यासाठी कोवळं झाड वाकवून, तसंच बांधून वाढवत. त्यामुळे अस्सल सालीत लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात. सरळ फळीतून कापलेल्या नकलेत त्या वळणापाशी तुटून बाहेर पडतात. यासाठी कुठलाही दाखला लागत नाही, उजेडात धरली की दिसतं. पुष्कळ गदा तिथे ज्याला नोकोनोको म्हणतात त्या झाडाच्या आहेत, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचं सुरू. वाळलेलं सुरूचं लाकूड ज्याने उचललंय त्याला हलक्या लाकडाला काळा रंग फासलेली नक्कल फसवू शकत नाही. मुठीची झिलईही पाहावी. हाताने आलेली असेल तर ती पकडीच्या जागी जास्त आणि कोरीव खाचांत कमी असते. रंग मात्र खाचांतच साचतो.

हे सगळं शिकायचं तर गदा हातात यायला हवी. काचेबाहेरून हे ज्ञान येत नाही.

आडवाटेने
लाकूडवेडीताई, तुमची रेषांची कसोटी मला मान्य आहे, पण ती "खरी की खोटी" एवढंच सांगते. "कोणाची" हे नाही सांगत. शेजारच्या टोंगा बेटांवरचे लोक होड्यांसाठी वेसीचं लाकूड हवं म्हणून फिजीच्या लाऊ बेटांवर येत, तिथे राहत, कोरीवकाम करत. फिजीचं लाकूड, टोंगाच्या धाटणीची नक्षी, आणि शेवटी वापरणारा भलताच कोणी. अशा गदेवर निव्वळ नजरेने "टोंगा" अशी चिठ्ठी लावणं मला घाईचं वाटतं. कोरायच्या हत्यारांच्या खुणांचंही तसंच. 1804च्या सुमारास चंदनासाठी जहाजं यायला लागली आणि त्यांच्याबरोबर लोखंड आलं, म्हणजे लोखंडी पात्याची खूण दिसली की ती नक्कलच, असं होत नाही.

शिवाय सगळ्या गदा लढाईच्या नव्हत्या. 'कियाकावो' ही हलकी गदा नाचातही मिरवत. तिला "युद्धात वापरलेली" म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, आणि ती सर्रास होते.

जुनी_पेटी
या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय. सगळ्याच गदा लुटलेल्या नव्हत्या. फिजीचा राजा थाकोम्बाऊ याने 1874 मध्ये बेटं ब्रिटिशांच्या ताब्यात दिली तेव्हा आपली आवडती गदा व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवली. 1932 मध्ये ती परत आली आणि फिजीच्या विधिमंडळाचा राजदंड झाली. भेटी, देवाणघेवाण, विक्री हे सगळं बेटांवरच्या लोकांनी स्वतः केलं होतं. त्यांना फक्त बळी ठरवणं हाही त्यांचा अपमानच.

दर्यावर्दी
@जुनी_पेटी, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ती गदा परत येऊ शकली कारण ती कोणाची, कधी दिली, कोणाला दिली हे सगळं नोंदलेलं होतं. नोंद नसती तर ती आज कुठल्या तरी दिवाणखान्यात चांदी मढवलेली गदा म्हणून टांगलेली असती.

आपल्याकडेही 2024 मध्ये लंडनहून साताऱ्यात वाघनखं आली तेव्हा किती वाद झाला! ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत असं सिद्ध करता येत नाही, हे लंडनच्या त्या संग्रहालयानेच सांगितलं होतं. तो वाद आपण पोटतिडकीने घातला. मग फिजीच्या माणसाला त्याच्या पणजोबांच्या गदेबद्दल तेवढीच तळमळ असेल, हे का मानू नये?

लाकूडवेडी
तळमळ मानते. म्हणूनच म्हणते, निनावी गदा कोणीतरी जाणत्याने घ्यावी. नाहीतर ती सजावटवाल्याकडे जाते, तिच्यावर वॉर्निश चढतं आणि उरलीसुरली खूण पुसली जाते. मी असते तर घेतली असती, मोजमापं आणि फोटो फिजीची राजधानी सुवा इथल्या फिजी म्युझियमला पाठवले असते, आणि तिकडून कोणी ओळखली तर परतही दिली असती. व्हेलच्या दाताचं जडावकाम असेल तर मात्र हात लावणार नाही. स्पर्म व्हेलच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत.

आडवाटेने
हे आधी करता येईल ना? फोटो पैसे देण्यापूर्वी पाठवावेत, उत्तर येईपर्यंत थांबावं. न्यूझीलंडमध्ये 50 वर्षांहून जुनी माओरी (तिथल्या मूळ रहिवाशांची) वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. 1975च्या कायद्याने तिथे विकणाऱ्याला थांबायला लावलं, तसं घेणाऱ्याने आपणहून थांबायला काय हरकत आहे?

लाकूडवेडी
लिलाव थांबत नाही, ही हरकत आहे. तरी खाजगी विक्री असेल तर तुमचं म्हणणं मान्य.

दर्यावर्दी
मला लिलावातही मान्य नाही. हातची गेली तर जाऊ दे.