रेंडर झकास, पण सावली कुठल्या गावची?

सेक्शनलाइन
काल एका ज्युनिअरनं इथं लिहिलं, "हातानं शीट काढायला लावणं म्हणजे निव्वळ छळ आहे, एआय पाच मिनिटात रेंडर (फोटोसारखं चित्र) देतो आणि क्लायंटला तेच लागतं." रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लांबलचक लिहितोय. मागच्या महिन्यात एका आर्किटेक्चर कॉलेजात जूरीला (पोरांची डिझाइनं तपासायला) होतो. साइट विजापूर रोडची, रेंडर असा की बघत रहावं, ओला रस्ता, मागं पाइनची झाडं (सोलापुरात पाइन!), उत्तरेला जमिनीपासून छतापर्यंत काच. शीटवर लिहिलंय २१ जून, दुपार, आणि सावली पडलीय उत्तरेला. अरे, आपण साडेसतरा अंश अक्षांशाच्या थोडं वर, त्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेकडं कललेला असतो, तीन मीटरच्या भिंतीची सावली जेमतेम फूटभर आणि तीही दक्षिणेला. स्केचअपमध्ये (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) लोकेशन टाकलं नाही की ते अमेरिकेतलं बोल्डर धरतं, ४० अंशावरचं. पोरानं सहा महिने बोल्डरसाठी बिल्डिंग केली. हातानं एक सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखं चित्र) काढून त्यावर सूर्याचा कोन आखला असता तर पेन्सिलीनंच सांगितलं असतं.

होटगीरोड_साइट
सर, मान राखून बोलतो, पंधरा वर्षं साइटवर गेली माझी. क्लायंट सेक्शन वाचत नाही. नव्या पेठेतल्या एका दुकानदाराला नुसते प्लॅन दाखवले, त्यांनी मान डोलावली, स्लॅब पडल्यावर वहिनी म्हणाल्या जिना अंगावर येतोय. तोडावा लागला. तेव्हापासून थ्रीडी दाखवल्याशिवाय कुदळ मारत नाही.

सेक्शनलाइन
जिना अंगावर आला कारण हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) तुम्ही सेक्शनमध्ये तपासली नव्हती. थ्रीडीचा काय संबंध?

होटगीरोड_साइट
हे असं चारचौघात बोलायची गरज नव्हती.

यंत्रमागाची_लेक
तुमचं हात की कॉम्प्युटर चालू दे, पण प्रिंटच्या पैशाचं कोणीच बोलत नाही. माझे वडील मागावर. तिसऱ्या वर्षी फायनल जूरीला सहा ए-वन मापाच्या मोठ्या शीट्स, सगळ्या कलर, आदल्या रात्री अकराला प्लॉटरवाल्याकडं रांग. एका शीटवर काळ्याची पट्टी आली, मॅडम म्हणाल्या परत काढून आण. वडिलांनी मालकाकडून उचल घेतली होती तेवढ्यासाठी. त्या शीटसमोर जूरर दोन मिनिटं पण थांबले नाहीत. आज नोकरी आहे, तरी प्लॉटरचा तो गरम कागदाचा वास आला की पोटात गोळा येतो.

तिसरंवर्ष
ताई, आमच्याकडं अजून तसंच आहे. बॅकग्राउंड काळं नको म्हटलं तर मार्क कापतात. शाई कोणाच्या बापाची जाते?

जुनाड्राफ्टर
मग हातानं काढा की! आम्ही ट्रेसिंग पेपर अन् रोट्रिंगच्या शाईपेनांवर पाच वर्षं काढली.

यंत्रमागाची_लेक
काका, रोट्रिंगचा एक सेट तेव्हा पण फुकट नव्हता, निब वाकली की गेला. गरिबीतून शिकलेल्यांना 'आमच्या वेळी' ऐकवू नका. माझं मागणं एवढंच आहे की मधल्या क्रिटला (फायनलआधीच्या तपासणीला) शीट स्क्रीनवर बघा, प्रिंट फक्त फायनलला, आणि तीही काळ्या-पांढऱ्यात चालली पाहिजे.

जुनाड्राफ्टर
बरं, मधल्या क्रिटचं मान्य. पण स्क्रीनवर स्केल कळत नाही, झूम करत बसतात, एकास शंभर म्हणजे केवढं हे पोराच्या हातात बसत नाही. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची चित्रं बघा, २०१८ ला आर्किटेक्चरचं प्रित्झकर पारितोषिक मिळालेला माणूस, जुन्या मिनिएचर चित्रांसारखा प्लॅन आणि एलिव्हेशन (समोरून दिसणारी बाजू) एकाच कागदावर मांडायचा, झाडं, माणसं, जनावरं सगळी त्यात. त्याला कुठं ओला रस्ता लागला?

होटगीरोड_साइट
राग गिळून एक सांगतो. जिन्याच्या त्या प्रकरणानंतर मी अजून एक गोष्ट करतो. प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं अख्खा प्लॅन आखतो, खऱ्या मापात, आणि घरच्यांना आत चालायला लावतो. कुमठ्यात एक आजी फक्कीच्या देवघरात मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, इथं उठताना माझं डोकं कोनाड्याला लागंल. कोनाडा अजून कागदावर पण नव्हता! हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? सेक्शनचं सरांचं अर्धं पटतं, पण तेवढंच.

सेक्शनलाइन
फक्कीचं मला सुचलं नव्हतं. जिन्याचं बोललो त्याबद्दल माफ करा. नुसत्या एआय रेंडरवर भागत नाही, हे मात्र मागं घेत नाही.

तिसरंवर्ष
सर, कालची पोस्ट माझीच होती. आत्ता माझ्या मॉडेलला सोलापूर लोकेशन टाकून बघितलं. २१ जून, संध्याकाळी साडेपाच. लायब्ररीच्या उत्तरेच्या खिडकीतून ऊन सरळ टेबलावर. मी तिथं 'दिवसभर थंड उजेड' असं लिहिलंय.

सेक्शनलाइन
खिडकी किती उंच? सिल (खिडकीची खालची कड) कुठं? आज रात्री पेन्सिलीनं सेक्शन काढ, रफ चालेल, वर्तमानपत्राच्या मागं काढलास तरी चालेल. फोटो इथं टाक.