मदत हवी आहे: अवकाश स्थानक आणि तुकड्यातलं अंतर चुकतंय

कक्षावेडा: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आणि अवकाश कचऱ्याच्या एका जुन्या तुकड्यातलं उद्याचं किमान अंतर पायथनमध्ये काढतोय. सेलेस्ट्रॅक या साइटची सॉक्रटीस ही यादी (कोण कोणाच्या किती जवळून जाणार याची) २ किमी दाखवते, माझं ३७ येतं. कोड बरोबर आहे. लवकर सांगा.

अनघा_नभ: डेटा कुठला? फ्रेम (अक्षांची चौकट) कुठली? टाइमस्टेप, म्हणजे दोन गणितांमधला वेळ, किती? त्याशिवाय काय सांगणार?

शून्यगुरुत्व: टाइमस्टेपच असणार. सापेक्ष वेग सेकंदाला १० किमी धरा. १० सेकंदांच्या स्टेपमध्ये १०० किमी निघून जातात. सापेक्ष स्थान आणि सापेक्ष वेग यांचा डॉट प्रॉडक्ट ऋणाचा धन कुठे होतो ते पाहा आणि तिथे रूट काढा, म्हणजे तो शून्य होण्याची नेमकी वेळ.

कक्षावेडा: स्टेप ०.१ सेकंद आहे हो. तुकडा टीएलईवरून (कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी), एसजीपी४ या गणिती मॉडेलने. स्थानक नासाच्या एफेमेरिस फाइलमधून (कुठल्या वेळी कुठे असेल याचा तक्ता), दर ४ मिनिटांना एक बिंदू.

अनघा_नभ: हे आधी सांगायचं ना! ती फाइल जे२००० फ्रेममध्ये असते, म्हणजे अक्ष सन २०००चे; एसजीपी४ टीईएमईमध्ये देतं, तिथे अक्ष त्या-त्या दिवसाचे. अक्ष ज्यावरून ठरतो तो संपातबिंदू वर्षाला सुमारे ५० विकला (३६०० विकला = १ अंश) सरकतो. २५ वर्षांत ०.३५ अंश, म्हणजे स्थानकाच्या कक्षेत ४० किमीपर्यंत फरक. अ‍ॅस्ट्रोपाय या पायथन लायब्ररीत टीईएमई आहे, त्यातून जीसीआरएसमध्ये न्या, ती जवळजवळ जे२०००च. इंटरपोलेशन (दोन बिंदूंमधली स्थानं काढणं) सरळ रेषेचं नाही ना? ४ मिनिटांत स्थानक साधारण १५ अंश फिरतं, मधला बिंदू ६० किमी आत येतो. फाइलमधले वेग घेऊन हर्मिट, म्हणजे स्थान आणि वेग दोन्ही जुळवणारी वक्ररेषा, वापरा.

दख्खनी_खगोल: अंतर काढून उपयोग काय? टीएलईत पहिल्याच दिवशी किलोमीटरभर चूक असते, पुढे रोज वाढते. नासा स्थानकाभोवती ४ × ५० × ५० किमीची पेटी धरतं, पण निर्णय धडकेच्या शक्यतेवर: लाखात एकच्या वर गेली की पिवळा इशारा, दहा हजारात एकच्या वर लाल. त्याला कोव्हेरियन्स, म्हणजे स्थान कुठल्या दिशेला किती चुकू शकतं याचे आकडे, लागतो.

शून्यगुरुत्व: त्यांनी धोका विचारलाच नाहीये. कोव्हेरियन्स असलेले सीडीएम (धडकेच्या इशाऱ्याचे संदेश) सगळ्यांना कुठे मिळतात? चाळणी लावायला टीएलई पुरतात.

दख्खनी_खगोल: चाळणीपुरतंच. २०२१च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये स्टारलिंक उपग्रह जवळ आले म्हणून चीनने आपलं स्थानक हलवलं होतं. समोरचा उपग्रह स्वतः कक्षा बदलत असेल तर जुनी टीएलई काय कामाची?



कक्षावेडा: हर्मिटच होतं. फ्रेम बदलल्यावर ३.४ आलं! पण २ का नाही?

अनघा_नभ: सॉक्रटीसने स्थानकासाठीही साधी टीएलईच घेतली असेल तर फरक येणारच. नासाच्या फाइलमध्ये ठरलेला रीबूस्ट (इंजिन चालवून कक्षा उंचावणं) धरलेला असतो, टीएलईला तो आधी कळत नाही. फाइलच्या हेडरमध्ये पुढच्या रीबूस्टची तारीख बघा.