आयर्लंडमध्ये 'नाही'वाले हललेच नव्हते

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर (ब्रेक्झिट) पुन्हा कौल घेतला, तर २०१६ च्या सार्वमतातले 'बाहेर पडा'वाले पस्तावून उलटं मत देतील, असं म्हटलं जातं; ते फारसं पटत नाही. फेरसार्वमताचा जवळचा दाखला आयर्लंडचा. युरोपीय संघाच्या नीस कराराला २००१ मध्ये तिथे नकार मिळाला, २००२ मध्ये जवळपास ६३ टक्के होकार. पण टक्के सोडा, मतं मोजा: नकाराची दोन्ही वेळा सुमारे ५ लाख ३० हजारच! होकाराची मात्र साडेचार लाखांवरून नऊ लाखांवर गेली. पहिल्या वेळी मतदान जेमतेम ३५ टक्के होतं, घरी बसलेले दुसऱ्यांदा उठून आले. शिवाय लष्करी तटस्थतेला धक्का लागणार नाही, असं आयरिश सरकारने मधल्या काळात युरोपीय संघाकडून सेव्हिलच्या जाहीरनाम्यात लिहून घेतलं होतं.

ब्रिटनमध्ये २०१६ लाच ७२ टक्के मतदान झालंय, तेव्हा घरी बसलेले तसे कमीच. फरक पडलाच तर तेव्हा शाळेत असलेल्या पोरांमुळे पडेल, मतपरिवर्तनामुळे कमी. आणि हो, तिथे राहणारा भारतीय पासपोर्टवाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून त्या वेळी मत देऊ शकत होता. शेजारचा पोलिश माणूस, जो युरोपीय संघाचा नागरिक म्हणूनच तिथे राहत होता आणि ज्याचं सगळंच पणाला लागलं होतं, तो नाही. फेरमतदानात मतदारांची ही यादी कोण ठरवणार, यावर बरंच अवलंबून राहील.