काम संपले आणि मंडळी पांगली: तुमचे अनुभव

सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र ज्या कामासाठी माणसे एकत्र आली ते कामच संपते, तेव्हाच्या निरोपाची नोंद कोणी फारशी ठेवत नाही. अशा कामावर आपण राहिला असाल, तर तिथला शेवटचा काळ कसा गेला हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोकण रेल्वे, रत्नागिरी

बांधकामाच्या काळात मी पानवल नदीच्या पुलाजवळच्या कॅम्पवर कनिष्ठ अभियंता होतो. दरीच्या तळापासून साठ मीटरहून उंच गेलेल्या खांबांवर, काठावर ओतलेले गर्डरचे तुकडे जॅकने इंच इंच पुढे सरकवले जात, आणि ते काम चालू असताना मेसमधला स्वयंपाकीसुद्धा जेवण ठेवून बघायला येई. पूल झाल्यावर सगळे मिळून साजरे करू, असे आमचे ठरले होते. प्रत्यक्षात कॅम्प हळूहळू रिकामा होत गेला. कोणी पेडण्याच्या बोगद्यावर गेले, कारण तिथल्या चिकणमातीने सर्वांना जेरीस आणले होते. प्रतिनियुक्तीवर आलेले आपापल्या मूळ रेल्वेत परतले. ठेकेदाराची माणसे पुढच्या कामाला लागली. शेवटी आम्ही मोजकेच उरलो आणि हस्तांतराच्या याद्या करत बसलो. थिओडोलाइट (कोन मोजण्याचे यंत्र), मोजणीच्या नोंदवह्या, टेबले, मेसची पातेली अशी एकेक वस्तू वाचायची, समोरच्याने खूण करायची आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर गाडी धावली, तेव्हा आमच्या कॅम्पमधले बहुतेक सगळे दुसऱ्याच राज्यांत होते. मोठ्या प्रकल्पात हे अटळ असते असे म्हणतात, पण मला ते पटत नाही. एक दिवस सर्वांना परत बोलावणे अवघड नव्हते.

इनामगाव उत्खनन, शिरूर तालुका

घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. मी विद्यार्थिनी म्हणून अखेरच्या हंगामांत होते. प्रत्येक हंगाम संपताना ‘पुढच्या वर्षी भेटू’ म्हणायची सवय जडली होती. त्यामुळे तसे म्हणता येणार नाही असा दिवस आला, तेव्हा कोणालाच शब्द सुचेना. गावातल्या ज्या बाया खापरे धूत, त्यांच्यातल्या एका मावशींना जोर्वे भांड्याचा, म्हणजे त्या काळातल्या एका खास प्रकारच्या मातीच्या भांड्याचा, तुकडा न पाहताही कळे: बोटाच्या पेराने टिचकी मारली की तो धातूसारखा खणकन वाजतो. मला ही परीक्षा त्यांनी शिकवली, वर्गात नव्हे. मात्र आम्हा सर्वांचा निरोप सारखा नव्हता, हे इथे लिहिणे मला महत्त्वाचे वाटते. आमचे काम पुण्यात रेखाटने, वर्गीकरण आणि अहवाल या रूपाने पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. मावशींचे काम मात्र चर बुजवले त्या दिवशी संपले.

तारघर, मुंबई

वरील अभियंत्यांची मंडळी एकेक करून गेली. आमचे उलटे झाले. १४ जुलै २०१३ हा तारेचा शेवटचा दिवस असल्याचे आधीच जाहीर झाले होते, त्यामुळे एरवी ओस पडलेल्या काउंटरवर आठवण म्हणून तार करणाऱ्यांची रांग लागली. ज्या ठराविक शुभेच्छांचे क्रमांक आम्हाला तोंडपाठ होते, त्या पाठवायला कित्येक वर्षांनी गिऱ्हाईक मिळाले आणि मान वर करायला उसंत राहिली नाही. एकमेकांशी बोलायचे राहूनच गेले. पुढे आम्हाला निरनिराळ्या विभागांत सामावून घेतले, नोकरी कोणाची गेली नाही. पण नव्या जागी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला माझ्या हातातली कला काय होती हे सांगायचे तर सुरुवात कुठून करावी, हेच मला कळत नसे. म्हणून काही महिन्यांनी आम्ही जुन्या पाळीतल्या सर्वांना जेवायला एकत्र बोलावले. त्या दुपारी सेवेच्या बंद होण्याविषयी कोणी फारसे बोलले नाही. दंगलीच्या आणि पुराच्या रात्री कोणी किती तारा काढल्या, याच्याच गोष्टी संध्याकाळपर्यंत चालल्या.