अनुभव धागा: अमेरिकेतलं अकरावीचं वर्ष आणि कॉलेजची तयारी

इथल्या हायस्कूलचं अकरावीचं वर्ष, म्हणजे ज्युनियर इयर, सगळ्या घराला पळवतं. आपण बरेच जण तिकडे बारावी, सीईटी देऊन आलेलो, त्यामुळे इथली पद्धत कळेपर्यंत निम्मं वर्ष सरतं. ज्यांच्याकडे हे वर्ष नुकतंच पार पडलं त्यांनी सविस्तर लिहा. प्रवेश कुठे मिळाला यापेक्षा वर्षभर काय केलंत ते हवंय.

न्यू जर्सी, मुलीची आई
ऑक्टोबरात पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा), मार्चमध्ये कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी. परीक्षा आता लॅपटॉपवर असते, साधारण सव्वादोन तासांची. पहिला भाग जसा जातो त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं, म्हणून परीक्षा ज्यावर होते त्या ब्लूबुक ॲपवरच सराव करून घेतला.

पण माझ्या मते खरी गोष्ट कॉलेजच्या अर्जासाठी शिक्षक देतात त्या शिफारसपत्राची. एपीच्या (शाळेतच घेता येणारे कॉलेज पातळीचे विषय) परीक्षा आटोपल्यावर मे महिन्यातच लेक केमिस्ट्रीच्या सरांना प्रत्यक्ष भेटली. सोबत एक पान लिहून नेलं होतं: टायट्रेशनचा कुठला प्रयोग फसला, का फसला, आणि शाळा सुटल्यावर थांबून तिने तो परत कसा केला. सरांनी ते पान ठेवून घेतलं. सप्टेंबर उजाडला की शिक्षकांकडे रांग लागते, तेव्हा प्रत्येकाचं इतकं बारीक कुणाच्या लक्षात राहणार?

बे एरिया, मुलाचे बाबा
यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एसएटीचे मार्क प्रवेशासाठी बघतच नाहीत. जीपीए (ग्रेडची सरासरी) धरतात तो दहावी-अकरावीचा. मुलाला चार एपी घ्यायचे होते, आम्ही दोनवर थांबवलं. तबला आणि झोप दोन्ही टिकलं.

टेक्सस
वर्गातल्या क्रमांकावर लक्ष ठेवा. यूटी ऑस्टिनला (ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ) राज्यातल्या मुलांचा थेट प्रवेश त्यावर ठरतो. हवा तो मेजर (मुख्य विषय) मिळेलच असं मात्र नाही.

ओहायो, मुलीची आई
पैशांचं अकरावीतच बोला. फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) बारावीत भरतात, पण त्यात उत्पन्न धरतात ते ज्या कॅलेंडर वर्षात मूल दहावी संपवून अकरावीत जातं त्या वर्षाचं. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो, प्रत्येक कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता अंदाजे किती खर्च येईल ते सांगणारा) आकडे भरले आणि दरवर्षी किती देऊ शकतो ते तिला स्पष्ट सांगितलं. संध्याकाळभर ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी यादीतली दोन नावं तिनेच खोडली आणि मेरिट स्कॉलरशिप शोधायला बसली. धाकटा आता नववीत आहे. दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत मेरिट कुणाला मिळालं असेल तर जरूर लिहा.